तुझा समोरून फोटो

बेबी, तुझी तेरवी झाली, आणि तुझा फोटो काही झाला नाही.

पाटावर पांढरं कापड अंथरलं होतं, समई होती, ताटलीत तुझ्या आवडीची संत्र्याची बर्फी होती, आणि फोटोच्या जागी नुसती भिंत. लोक आले, हात जोडायचे कुठे म्हणून घुटमळले, मग समईलाच नमस्कार करून पंगतीत बसले. एक मावशी मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "फोटोवाल्याची बहीण, अन् तिचाच फोटो नाई. दिव्याखाली अंधार म्हंतेत ते हेच." एरवी मी तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. माझी जीभ तुला माहीत आहे. पण ताटातल्या वड्याकडे बघत बसलो, कारण मावशीचं खरं होतं. बाबांनी कारंजात हायवेच्या कडेला टाकलेला स्टुडिओ मी चालवतो. कोणाकडे कोणी गेलं की रडणं ओसरायच्या आत घरचा एखादा माणूस माझ्या काउंटरवर येतो, "भाऊ, मोठा फोटो पाह्यजे." आजूबाजूच्या गावांतली किती गेलेली माणसं मी भिंतीवर चढवली. सख्ख्या बहिणीपाशी आलो आणि हात थांबला.

का थांबला, ते तुलाच सांगायला बसलो आहे. दुसऱ्या कोणाला सांगावं तर म्हणेल, दुःखानं याचं डोकं फिरलं. तुझ्याशी निदान भांडता येतं. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि शेवटचा शब्द तुझा होता, हे मला अजिबात मंजूर नाही.

आधी वाटलं, त्यात काय अवघड आहे. बाबांच्या काळातली नेगेटिव्हची खोकी आहेत, माझ्या कॉम्प्युटरमध्ये घरातली सगळी लग्नं-बारशी आहेत, आणि तुझी लेक रेणू, तिच्या मोबाईलमध्ये तर ढीगभर. सगळं उपसलं. उपसता उपसता लक्षात आलं की एकाही फोटोत तू समोर बघत नाहीस. फ्रॉकमधली तू खिडकीकडे बघतेस. दहावी पास झाल्याचा पेढा हातात धरून दाराकडे बघतेस. हळद लागलेली तू खाली बघतेस, आणि रेणूला मांडीवर घेतलेली तू रेणूकडे. रेणू म्हणाली, "मामा, आईचे सारे फोटो असेच हाये." मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नवल काही नव्हतं. तुझा डावा डोळा जन्मापासून थोडा बाहेर पळायचा. उजवा समोरच्याशी बोलायचा आणि डावा रस्त्यानं कोण चाललंय ते पाहायचा. शाळेत पोट्टे तुला चकणी म्हणायचे, मी त्यांच्या पाठीत धपाटे घालायचो, आणि घरी आल्यावर मीच तुला चकणी म्हणायचो. तो भावाचा हक्क. बाबांना मात्र ते फार लागायचं. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून त्यांचा आवाज यायचा, "बेबी, जराशी तिकडे पाह्य." ऐकलं नाहीस तर बाहेर येऊन बोटानं तुझी हनुवटी अलगद वळवायचे. त्यात माया होती, हे तूही मानायचीस. आपल्या पोरीला कोणी नावं ठेवू नये, एवढंच त्या माणसाचं म्हणणं होतं. पण तुला त्याची अशी सवय जडली की कोणी नुसता मोबाईल वर उचलला तरी तुझी मान आपोआप वळायची.

आणि अशी तू चित्रकलेची मॅडम झालीस, आणि शाळेत काय शिकवायला लागलीस, तर चित्रातल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून कसं पाहायचं ते.

पहिल्या वर्षीची गंमत तूच सांगितली होतीस. तू वर्गात कोणाकडे तरी बघून "तू सांग" म्हणायचीस आणि दोन टोकांची दोन पोरं एकदम उभी राहायची. दोघांनाही वाटायचं, मॅडम माझ्याकडेच बघून राहिल्या. वर्ग फिदीफिदी हसायचा. मी तुझ्या जागी असतो तर एखाद्याला बदडलं असतं. तू म्हणालीस, "तू नाई रे बाप्पा, तो. पण आता उभा राह्यला तं तूही सांग." तेच वाक्य पुढे तुझ्या वर्गाचा कायदा झालं. पुढे पुढे तर पोट्टे मुद्दाम जोडीनं उभे राहायचे, आणि तू दोघांचंही ऐकून घ्यायचीस.

आपलं भांडण त्या आजीच्या चित्रापासून सुरू झालं. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरमधून तू ते कापून आणलं होतंस. परदेशातली कोणी म्हातारी, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं, दोन्ही हात मांडीवर. म्हणालीस, "दादा, याले चांगली जाड फ्रेम कर. पोट्ट्यायले वाटलं पाह्यजे का काहीतरी भारी चीज हाये." मी केली. सोनेरी पट्टी लावली, काच लावली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तू दुकानात आलीस ती पर्स काउंटरवर आपटतच.

"दादा, सत्यानाश केला तुह्या फ्रेमनं."

"काऊन? काच फुटली का?"

"काच कायची फुटते! म्यां चित्र टांगलं, अन् सारा वर्ग चपला काढून, हात जोडून उभा. एक पोट्टी मले विचारते, मॅडम, ह्या आजी कधी वारल्या? दुसरा म्हंते, हार कोण आणणार हाये? अन् मांगच्या बाकावरचा एक तं चक्क डोये पुसून राह्यला होता!"

मी इतका हसलो की स्टुलावर बसावं लागलं. तूही हसलीस, पण तुझं हसणं लवकर संपलं.

"हे तुह्या दुकानानं शिकवलं त्यायले. भिंतीवर गेला तो मेला. नमस्कार कराचा अन् निंगाचं. पाहाचं नाई."

"नमस्कार करणं वाईट हाये का आता?"

"वाईट कोण म्हंते? पण नमस्कारात मान खाली जाते ना, दादा. मान खाली गेल्यावर चेहरा कुठी दिसते?"

मी म्हणालो, "बस, चहा सांगतो." उत्तर नसलं की मी चहा सांगतो, हे तुला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून तू मुकाट्यानं बसलीस आणि चहा पिताना माझ्याकडे बघून गालात हसत राहिलीस.

त्या आजीवर तू किती दिवस घालवलेस! बाकीच्या शाळांत पोरं निसर्गचित्रं काढून मोकळी होत होती आणि तुझी पोरं म्हातारीपुढे बसलेली. तू पहिला नियम केलास, 'कोण' विचारायचं नाही. नाव कळलं की पाहणं बंद पडतं, असं तुझं म्हणणं. पोरांनी चित्र पाहून झालं की तू त्यावर ओढणी टाकायचीस आणि विचारायचीस, "सांगा, आजीचा कोणता हात वर होता?" कोणालाच सांगता यायचं नाही. ओढणी काढायची, पुन्हा पाहायचं. मग वर्गातल्या चेतनला खुर्चीवर आजीसारखं बसवलंस. तसेच हात, तशीच मान. थोड्या वेळानं तो कुरकुरला, "मॅडम, खांदे दुखून राह्यले." तेव्हा कुठे पोरांच्या डोक्यात शिरलं की ही बाई खरोखर कोणासमोर तरी अशी बसून राहिली होती, तिचेही खांदे दुखले असतील, आणि तरी ती उठली नाही. मग तू विचारलंस, "आता सांगा, काढणाऱ्याले ह्या आजी आवडत होत्या का?"

गायत्री उठली. ती पानठेल्यावाल्याची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. "आवडत होत्या, मॅडम. नाई तं हाताच्या शिरा कायले काढल्या असत्या त्यानं? घाई असती तं नुसते हात काढून मोकया झाला असता."

हे मला सांगताना तुझे डोळे भरून आले होते. दोन्ही. मी चेष्टेनं म्हणालो, "चला, एका गोष्टीवर तं दोघायचं एकमत झालं," आणि तू मला हातातली पट्टी फेकून मारलीस.

पण तुझ्या त्या प्रश्नानं माझं नुकसानच केलं. इतकी वर्षं धंदा केला, कोणी विचारलं नव्हतं की भाऊ, हा माणूस तुला आवडला का. दुसऱ्या दिवशी एक ट्रकड्रायव्हर लायसनच्या फोटोसाठी आला, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो. तो बिचकला. "क्या हुआ भाईसाब, कुछ लगा है क्या मुँह पे?" मी म्हणालो, काही नाही. त्याच्या भुवईत धूळ होती आणि झोप झालेली नव्हती. आवडला मला तो. फोटो मात्र नेहमीसारखाच आला, कारण सरकारला त्याची झोप नको असते.

मग तू शनिवारची शाळा सुटली की पोरांना दुकानात आणायला लागलीस. मी किती कुरकुर करायचो! दारात चपलांचा ढीग, गिऱ्हाईक आत यायला कचरायचं, माठ रिकामा व्हायचा. तुला माझी भिंत हवी होती. त्या भिंतीवर, बनवून घेतलेले आणि कोणी न्यायला न आलेले फोटो असतात, आणि हायवेवरून लोडिंगचा ट्रक गेला की सगळे थोडे थोडे वाकडे होतात. मी रोज सकाळी ते सरळ करायचो. तू म्हणायचीस, "राहू दे ना. तेवढंच जित्ते वाटतेत."

पहिल्याच शनिवारी त्या पोट्ट्यांनी माझी इज्जत घेतली. भिंतीच्या मधोमध माझा स्वतःचा फोटो होता, नमुना म्हणून लावलेला. कोट-टाय, मागे निळं आभाळ, चेहरा असा साफ केलेला की मीच स्वतःला ओळखू नये. पोरं रांगेनं आली आणि त्या फोटोपुढे हात जोडून उभी राहिली. चेतननं हळूच विचारलं, "मॅडम, हे कधी गेले?"

मी काउंटरमागून म्हणालो, "अजून इथंच हावो, बाप्पा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फोटोतले जास्त चांगले होते."

तू खाली बसून हसलीस, पदरानं तोंड दाबून. पण पोरं गेल्यावर तेच धरून बसलीस. "पाह्यलं का दादा? तू सोताले भी पुसून टाकलं. तुह्या कपायावरची खूण कुठी गेली? माह्यासाठी बोरं पाडताना फांदी लागली होती ते?"

"गिऱ्हाइकाले साफ चेहरा लागते."

"तू माणसं पुसते, दादा."

हा शब्द मला लागला होता, बेबी. म्हणून मी तुला त्या बाईची गोष्ट सांगितली, जिनं जन्मभर नुसत्या बंडीत वावरलेल्या नवऱ्याला फोटोत कोट घालायला सांगितलं. मी घातला. फोटो पाहून ती बाई रडता रडता हसली, "आता पाहा कसे साहेब दिसतेत." मी तुला विचारलं, यात मी कोणाचं काय बिघडवलं? माणूस गेला की मागच्यांना तो थोडा बरा हवा असतो. तू म्हणालीस, "बरा काऊन? तोच पाह्यजे." मी म्हणालो, ते तुला परवडतं, तुझ्या चित्रातली म्हातारी कोणाची कोणी नाही. त्यावर तू पर्स उचलून घरी गेलीस. मला वाटलं, मी जिंकलो. कोटाच्या बाबतीत अजूनही मी माझ्याच बाजूनं आहे, सांगून ठेवतो.

तुझ्या आजारपणाचं आणि वर्ध्याच्या दवाखान्याच्या फेऱ्यांचं इथे काही लिहीत नाही. ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. एकच दुपार लिहितो. तू घरी खाटेला टेकून बसली होतीस. औषधांनी केस गेले होते, म्हणून डोक्याला पांढरा रुमाल बांधला होतास, आणि दोन्ही हात मांडीवर. मी आत आलो तर म्हणालीस, "मी त्या आजीसारखी दिसून राह्यली ना?" दिसत होतीस. मी म्हणालो, "काही भी बोलते." मग तू म्हणालीस, "दादा, मले एकदा समोरून काढ."

"बरी हो, मंग काढू. केस येऊ दे."

"केस कायले पाह्यजे? आजीचे कुठी दिसतेत?"

मी म्हणालो, "चहा सांगतो." तू माझ्याकडे बघून हसलीस, तेच हसू, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेलो. कॅमेरा पिशवीत होता. मला भीती वाटली, बेबी. वाटलं, आज समोरून फोटो काढला तर आपण दोघांनीही ते कबूल केल्यासारखं होईल. तो तुझा शेवटचा शब्द. माझ्याकडून आलेला तो चहा.

तर आता तुझा समोरून फोटो कुठून आणू? शोध शोध शोधलं आणि शेवटी सापडला तो माझ्याच कॉम्प्युटरमध्ये, काखेत कळसा म्हणतात तसा. शाळेच्या एका जुन्या गॅदरिंगचा ग्रुप फोटो, गायत्री-चेतनच्या आधीच्या बॅचचा. पोरांच्या तीन रांगा, मध्ये तू, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. पण तू समोर बघत होतीस, थेट कॅमेऱ्यात. त्या दिवशी तुझी मान कशी वळली नाही, मला आठवेना. मी तो दाणा मोठा करत गेलो. उजवा डोळा माझ्यावर, डावा थोडा बाहेर, ओठ दाबलेले. तू होतीस. मी माउस सोडून खुर्चीत मागे टेकलो आणि भर दुकानात रडलो.

संध्याकाळी जावईबापू आले. तुझा नवरा किती साधा माणूस आहे, मी तुला सांगायला नको. उभ्या उभ्याच त्यांनी फोटो पाहिला, डोळ्याला रुमाल लावला आणि मग हळूच म्हणाले, "भाऊ, तेवढा डोया सिधा करून द्याजो."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मले त्याचं कधीच काही नोहतं. तुमाले माहीत हाये. पण लोक नमस्कार कराले येतीन अन् डोयाच पाहतीन. गेल्यावर तरी कोणी तिले काही म्हणू नये."

बाबाच बोलल्यासारखे वाटले. त्यांना मी काय सांगणार? हेच तर मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. म्हणालो, करतो. ते गेल्यावर बसलो आणि केला. मला काय अवघड आहे! उजवा डोळा उचलला, उलटा केला, डाव्याच्या जागी बसवला, कडा पुसल्या. चहा गार व्हायच्या आत झालं. आणि पडद्यावर एक बाई आली. चांगली होती, नीटनेटकी, सरळ बघणारी, तुझीच साडी नेसलेली. पण तिला माझी काही ओळख नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती, आणि आमच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. तिला छापायला माझा हात चालेना. तुझा तसाच फोटो छापावा तर जावईबापूंना शब्द दिलेला. दोघींना कॉम्प्युटरमध्ये तसंच ठेवलं. तेवढ्यात तेरवी आली आणि भिंत रिकामी राहिली.

आज शनिवार. सकाळी दुकान उघडून बसलो होतो, आणि उन्हं वर आल्यावर दारात चपला वाजायला लागल्या. तुझी पोरं. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी आणलं नव्हतं. शाळा सुटली आणि पाय सवयीनं इकडे वळले असतील. आत येऊन बसली, आपापल्या जागी. तुझी खुर्ची तेवढी कोणी घेतली नाही. मग गायत्री म्हणाली, "काका, मॅडमचा फोटो हाये म्हंतेत तुमच्यापाशी. दाखवा ना."

तेवढ्यात जावईबापूही आले, फोटोचं विचारायला. पोरं पाहून दारातच थांबले.

मी पडदा पोरांकडे वळवला. तोंडातून तुझंच वर्गातलं नेहमीचं वाक्य आलं, "पयले पाहा. मंग बोला." आणि ती नीट बाई दाखवली.

पोरं पाहत राहिली. तू शिकवलंस तसं, मान वर ठेवून. एकानंही हात जोडले नाहीत. शेवटी चेतननं विचारलं, "हे मॅडमच्या बहीण होय का?"

मी जावईबापूंकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही. नुसतं बटण दाबलं आणि तुला पडद्यावर आणलं.

बेबी, दोघं एकदम उभे राहिले. या टोकाची गायत्री आणि त्या टोकाचा चेतन. खेळ नव्हता तो. तू पाहिलंस म्हणून उभे राहिले. उभे राहिल्यावर एकमेकांकडे पाहून ओशाळले. बाकीची पोरं माझ्याकडे बघायला लागली. कोणाला बस म्हणायचं ते तुलाच ठाऊक. मी म्हणालो, "आता उभे राह्यले तं दोघंही सांगा."

गायत्रीनं बाहीनं नाक पुसलं आणि तुझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "मॅडमले हसू येऊन राह्यलं," ती म्हणाली. "पण दाबून राह्यल्या. अन् भेव भी वाटून राह्यला त्यायले. कोणासाठी तरी." ती पडद्याच्या आणखी जवळ गेली. "समोरचा माणूस पडून राह्यला असन."

आणि मला ते स्टूल आठवलं. शाळेचं, एक पाय आखूड असलेलं. तीन रांगा मावेनात म्हणून मी कॅमेरा घेऊन त्यावर चढलो होतो, ते डगमगलं, पोरं ओरडली, आणि तू मान वळवायचं विसरून सरळ माझ्याकडे पाहिलंस.

दारातून जावईबापूंचा आवाज आला, "भाऊ, डोया तसाच राहू द्या." ते आत येऊन पोरांच्या मागे जमिनीवर बसले.

चेतन अजून उभाच होता. त्याचं सांगायचं राहिलं होतं. तुझा नियम त्याला पाठ आहे, पण त्याला राहवलं नाही. त्यानं विचारलं, "काका, समोर कोण होतं?"

"मी होतो, बाप्पा," मी म्हणालो.